‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ : विंडोज ॲक्टिव्हेटरच्या पोटात काय असतं

असेंबल्ड पीसीच्या बिलात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट अशा ओळी असतात. विंडोजची ओळ बहुतेक वेळा नसते. तरी मशीन घरी येतं ते विंडोज ११ प्रो घेऊनच, आणि सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेटेड’ असंही लिहिलेलं असतं. ‘विंडोज टाकून देतो’ या तीन शब्दांत नक्की काय काय टाकलं गेलं, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

परवाना न घेताच विंडोजला ‘ॲक्टिव्हेटेड’ म्हणायला लावणारं टूल म्हणजे ॲक्टिव्हेटर. हा लेख तो कसा चालवायचा यासाठी नाही. तो चालतो तेव्हा आत काय होतं, त्याच्यासोबत काय येतं आणि आपल्या मशीनवर तो आहे की नाही हे कसं ओळखायचं, एवढ्यापुरता आहे.

‘ॲक्टिव्हेटेड’ हा शब्द लिहितो कोण

विंडोजमध्ये सॉफ्टवेअर प्रोटेक्शन नावाची एक सर्व्हिस असते. तिला तलाठी समजा. तिच्या दप्तरात या मशीनवर कोणती की (परवान्याचा क्रमांक) लागली आहे, ती कोणत्या प्रकारची आहे आणि परवाना कधीपर्यंत आहे याच्या नोंदी असतात. ‘ॲक्टिव्हेटेड’ हे त्या दप्तरातून निघालेलं उत्तर. सगळे ॲक्टिव्हेटर याच एका सर्व्हिसकडून ‘हो’ वदवून घेण्यासाठी धडपडतात. फरक फक्त मार्गाचा. कोणी तलाठ्यासमोर खोटा साक्षीदार उभा करतो, कोणी बनावट कागद दाखवतो, कोणी वरच्या कचेरीतून खरा शिक्का मिळवतो, तर कोणी थेट दप्तरातच फेरफार करतो.

सक्तीचं ॲक्टिव्हेशन घरगुती ग्राहकांपर्यंत आलं ते २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर. पण मोठ्या कंपन्यांना दिलेल्या व्हॉल्यूम कीला ॲक्टिव्हेशन लागतच नव्हतं, आणि अशी एक की एक्सपी बाजारात येण्याआधीच फुटली. पुढची कित्येक वर्षं जगभर तीच की टाइप होत राहिली. हे भोक बुजवण्यासाठी व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टने कंपन्यांसाठी दोन पद्धती आणल्या. एक एमएके, म्हणजे मोजक्या मशीनवर चालणारी की. दुसरी केएमएस, म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस. आजच्या निम्म्या भानगडीचं मूळ या केएमएसमध्ये आहे.

खोटा साक्षीदार : केएमएस

हजार मशीन असलेल्या ऑफिसात प्रत्येक मशीन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी बोलायला जाणं गैरसोयीचं. म्हणून ऑफिसच्याच नेटवर्कवर एक केएमएस होस्ट बसवतात. बाकीची मशीन डीएनएसमधून (नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या वहीतून) त्याचा पत्ता शोधतात, टीसीपी पोर्ट १६८८ वर त्याला गाठतात आणि परवाना मागतात. होस्ट परवाना देतो तो १८० दिवसांचा. मशीन दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतं. तो जमला की १८० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. परवाना मिळालेलाच नसेल तर ते दर दोन तासांनी दार ठोठावत राहतं. निदान २५ वेगवेगळी विंडोज मशीन आल्याशिवाय होस्ट कोणालाच परवाना देत नाही. सर्व्हर आवृत्त्यांसाठी आणि ऑफिससाठी हा आकडा ५ आहे. म्हणजे चार मशीनच्या दुकानात खराखुरा केएमएस चालूच शकत नाही.

या व्यवस्थेसाठी मशीनवर जी की टाकतात ती गुप्त नसते. मायक्रोसॉफ्टने ती आपल्या संकेतस्थळावर उघड छापलेली आहे, कारण त्या कीला स्वतःची काही किंमत नाही. ती एवढंच सांगते, ‘माझा परवाना माझ्या ऑफिसच्या होस्टला विचारा.’ गुगलवर ‘विंडोज ११ प्रो फ्री की’ म्हणून फिरणाऱ्या यादीतल्या पुष्कळ की याच. त्या टाकल्या की विंडोज स्वीकारतं, पण ॲक्टिव्हेट होत नाही. मग लोक म्हणतात की की बोगस आहे. की खरीच असते. बोगस काय ते पुढे येतं.

होस्टकडून आलेलं उत्तर खऱ्या होस्टचंच आहे हे मशीन कशावरून ठरवतं? उत्तर ठरलेल्या पद्धतीने एनक्रिप्ट केलेलं आहे एवढ्यावरून. ते उलगडण्यासाठी लागणारं गुपित प्रत्येक विंडोजच्या आतच असतं, नाहीतर ते उत्तर वाचता आलं नसतं. म्हणजे ज्याने विंडोजची चिरफाड करून ते गुपित बाहेर काढलं, तो अगदी होस्टसारखं उत्तर बनवू शकतो. ऑफिसच्या चार भिंतींतल्या नेटवर्कवर भरवसा ठेवून आखलेली ही व्यवस्था होती आणि त्यात होस्टने स्वतःची खात्री पटवून देण्याची सोय पुरेशी नव्हती. केएमएसपिको, केएमएसऑटो वगैरे टूल म्हणजे आपल्याच मशीनवर उभा केलेला नकली होस्ट. ‘माझ्याकडे २५ हून जास्त मशीन येऊन गेली आहेत’ असं तो बिनदिक्कत सांगतो आणि परवाना देऊन टाकतो.

विंडोज ८.१ पासून मायक्रोसॉफ्टने एक अडसर घातला. मशीनने स्वतःच्याच पत्त्यावर बसलेल्या होस्टकडून परवाना घ्यायचा नाही. त्यावर टूलवाल्यांनी पळवाटा काढल्या. आभासी नेटवर्क कार्ड बसवून नकली होस्ट बाहेरचा भासवणं ही एक. परवाना तपासणाऱ्या प्रोसेसमध्ये आपली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामला जोडली जाणारी कोडची फाइल) घुसवून विचारणा मधल्यामध्ये अडवणं ही दुसरी. दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये डीएलएल घुसवणं, सिस्टीम दर्जाची सर्व्हिस बसवणं, नेटवर्क ड्रायव्हर टाकणं ही सगळी मालवेअरचीही नेहमीची कामं आहेत. त्यामुळे डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, ओरडतो तेव्हा ‘मायक्रोसॉफ्टला धंदा बुडेल म्हणून ओरडतोय’ हे अर्धसत्य आहे. तो या टूलला ‘हॅकटूल’, ‘ऑटोकेएमएस’ अशा वेगळ्या नावांनी ओळखतो हे खरं, पण त्याच फाइलच्या आत आणखी कोणी बसलंय का, हे ओरडण्याच्या सुरावरून कळत नाही.

१८० दिवसांची मुदत हा खरा खोडा. नकली होस्ट एकदा चालवून काढून टाकला तर सहा महिन्यांनी ‘ॲक्टिव्हेट विंडोज’चं पाणचिन्ह परत येतं. म्हणून टूल मागे एक सर्व्हिस किंवा टास्क शेड्यूलरमधलं काम सोडून जातं. ते सिस्टीमच्या अधिकाराने पुन्हा पुन्हा चालतं. डिफेंडरने ते खोडू नये म्हणून त्याचा फोल्डर डिफेंडरच्या सूट दिलेल्या यादीत टाकावा लागतो. म्हणजे एका परवान्यापायी मशीनमध्ये एक अशी खोली तयार होते जिथे पहारेकऱ्याने कधीच डोकवायचं नाही, आणि त्या खोलीतून निघणाऱ्याला सर्वाधिकार. टूल स्वतः निरुपद्रवी असलं तरी ही खोली तशीच राहते. पुढे येणाऱ्या कुठल्याही मालवेअरला ती आयती मिळते.

बनावट कागद, खरा शिक्का आणि थेट फेरफार

विंडोज ७ च्या काळात लोडरची चलती होती. ब्रँडेड मशीनच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी जागं होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्लिक नावाचा एक तक्ता असायचा. तो तक्ता, कंपनीचं प्रमाणपत्र आणि त्या कंपनीची की या तिन्हींचा मेळ बसला की इंटरनेटशिवायच विंडोज ॲक्टिव्हेट. असेंबल्ड मशीनमध्ये तो तक्ता नसायचा. लोडर बूट सेक्टरमध्ये शिरून, विंडोज जागं होण्याआधीच मेमरीत खोटा तक्ता मांडायचा. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक अपडेट आणलं, ते अशा ७० हून अधिक युक्त्या ओळखायचं. बूट सेक्टरशी छेडछाड असल्यामुळे एखाद्या अपडेटनंतर किंवा डिस्क एनक्रिप्शन सुरू केल्यावर मशीन चालूच न होणं हा ठरलेला प्रकार. विंडोज ८ पासून प्रत्येक ब्रँडेड मशीनच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्याच सॉफ्टवेअरमध्ये, त्या मशीनची स्वतंत्र की घालायला सुरुवात झाली आणि लोडरचा जमाना ओसरला. या फर्मवेअरमधल्या कीकडे पुढे परत यायचं आहे, कारण तुमचा प्रश्न तीच सोडवण्याची शक्यता बरीच आहे.

विंडोज १० च्या नोव्हेंबर २०१५ च्या आवृत्तीपासून डिजिटल लायसन्स रूढ झालं. मशीनच्या हार्डवेअरवरून, मुख्यतः मदरबोर्डवरून, एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर परवान्याशी जोडून ठेवली जाते. विंडोज ७ आणि ८.१ वरून फुकट अपग्रेड देण्यासाठी ‘हे मशीन आधीपासून परवानाधारक आहे’ असं सांगणारं एक तिकीट वापरलं जायचं. काही टूलनी तेच तिकीट खोटं बनवलं आणि वरच्या कचेरीतून खरा शिक्का मिळवला. एकदा तो बसला की मशीनवर मागे काहीच ठेवावं लागत नाही. आणखी एक जात केएमएसच्या परवान्याची मुदत १८० दिवसांऐवजी थेट १९ जानेवारी २०३८ पर्यंत ताणायची. ही तारीख कोणी हौसेने निवडलेली नाही. ३२ बिटांत मावणारं युनिक्स घड्याळ त्या दिवशी संपतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सर्व्हिसच्या दप्तरात थेट नोंदी लिहिणारी पद्धतही जाहीर झाली.

या नव्या टूलपैकी काही ओपन सोर्स आहेत, त्यांचा कोड हजारो लोक वाचतात, आणि मूळ कोडमध्ये मालवेअर नाही हे मान्य करायला हरकत नाही. पण ती चालवायची पद्धत बघा. पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा, एक ओळ चिकटवा, एंटर मारा. ती ओळ इंटरनेटवरून त्या क्षणी जे काही मिळेल ते उतरवून सर्वाधिकाराने चालवते. पत्त्यातलं एक अक्षर चुकलं, किंवा एखाद्या यूट्यूब व्हिडिओखालच्या वर्णनातून बदललेली ओळ उचलली, की हजारो लोकांनी वाचलेल्या कोडचा तुमच्याशी काही संबंध उरत नाही. शिवाय कोड स्वच्छ असला तरी परवाना तुमचा होत नाही.

सोबत काय येतं

केएमएसपिकोचं अधिकृत संकेतस्थळ म्हणून मिरवणारी पानं डझनावारी आहेत. बेकायदा टूलला अधिकृत दुकान कुठून असणार? डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की केएमएसपिकोच्या नावाखाली मिळणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट पसरतोय. गंमत अशी की त्यात केएमएसपिकोही खरोखर असायचा. विंडोज ॲक्टिव्हेट व्हायचं, माणूस खूश, आणि क्रिप्टबॉट ब्राउझरमधले पासवर्ड, कुकी, क्रिप्टो वॉलेट गोळा करून निघून जायचा. एप्रिल २०२३ मध्ये गुगलने क्रिप्टबॉट पसरवणाऱ्यांवर अमेरिकेत दावा लावला. त्या वेळी गुगलने सांगितलेला आकडा होता, आधीच्या वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार संगणक.

अशा चोरट्यांना इन्फोस्टीलर म्हणतात आणि ते कुकी का नेतात हे समजून घेतलं पाहिजे. जीमेलमध्ये तुम्ही पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलात की ब्राउझरला एक कुकी मिळते. ‘हा माणूस तपासलेला आहे’ असं सांगणारा तो हातावरचा शिक्का. तो शिक्काच चोरीला गेला तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. ‘माझ्याकडे टू-स्टेप चालू आहे’ हे समाधान इथे अपुरं पडतं. सेवा केंद्रं, कर सल्लागार, छोटी ऑफिसं यांच्या मशीनवर गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, बँक तपशील असतात. तिथे नुकसान एकट्या मालकाचं राहत नाही. डिजिटल सहीच्या टोकनमधली की बाहेर काढता येत नाही हे खरं, पण पिन टाइप करताना नोंदवता येतो. टोकन लावलेलं असताना मशीन दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर सही होऊ शकते.

पासवर्ड लावलेली झिप आणि शेजारी ‘पासवर्ड १२३४’ अशी टेक्स्ट फाइल, हा या धंद्याचा ठसाच. तो पासवर्ड गुप्ततेसाठी नसतो. डाउनलोड होताना स्कॅनरला आतलं दिसू नये म्हणून असतो. काही नमुन्यांत फाइल मुद्दाम शेकडो एमबीपर्यंत फुगवलेली सापडते, कारण फार मोठ्या फाइल स्कॅनर अनेकदा सोडून देतात. आणि ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, क्रॅकमध्ये असा खोटा इशारा येतोच’ ही सूचना. अख्ख्या प्रकारातली सर्वांत हुशार ओळ तीच, कारण त्यानंतर कुलूप घरचाच माणूस उघडतो.

स्टॉप किंवा डेज्व्हू या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर कुटुंब २०१८ पासून असंच क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरमधून पसरलं. फाइल कुलूपबंद, खंडणी ९८० डॉलर, ७२ तासांत दिली तर निम्मी. त्यात बळी पडतात ते बहुतेक बॅकअप नसलेले विद्यार्थी आणि घरगुती वापरकर्ते. कुलूप लावताना मशीनला चोराच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही तर ते ठरावीक ऑफलाइन की वापरतं, आणि अशा काही फाइल एम्सिसॉफ्टच्या मोफत डिक्रिप्टरने उघडतात. ऑनलाइन की असेल तर नव्या प्रकारांत बहुधा नाही.

युक्रेनमधलं उदाहरण याहून वरच्या पातळीचं आहे. तिथे सरकारी कार्यालयांतसुद्धा पायरेटेड विंडोजचा सुळसुळाट. त्याचा फायदा घेऊन रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेशी जोडला जाणारा सँडवर्म हा गट २०२३ च्या अखेरीपासून नकली केएमएस ॲक्टिव्हेटर पेरत होता, असं एक्लेक्टिकआयक्यू या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलं. समोर ॲक्टिव्हेशनची खिडकी दिसायची, मागे डिफेंडरच्या सूट यादीत नोंद व्हायची आणि डार्क क्रिस्टल नावाचं दूरनियंत्रणाचं हत्यार उतरायचं. ते कीबोर्डचे ठोके, स्क्रीनची छायाचित्रं, कुकी, साठवलेले पासवर्ड पाठवत राहायचं. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, मँडियंट या सुरक्षा कंपनीने युक्रेनियन टोरंटवरून फिरणारी विंडोज १० ची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची अख्खी फाइल, उघडकीला आणली होती. तिच्यात अपडेट आणि सुरक्षा माहितीची देवाणघेवाण आधीच बंद करून ठेवलेली होती.

‘प्री-ॲक्टिव्हेटेड’ आणि ‘लाइट’ आयएसओ वापरणाऱ्यांनी जून २०२३ मधला डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीचा शोधही लक्षात ठेवावा. टोरंटवरच्या विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत क्लिपर सापडला. क्लिपर म्हणजे कॉपी केलेला क्रिप्टो वॉलेटचा पत्ता पेस्ट होताना बदलणारा. तो लपला होता ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर ठेवलेल्या छोट्या वेगळ्या भागात, जिथे अँटिव्हायरस सहसा बघत नाही. ‘सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला’ म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी ही अडचणीची बातमी आहे. सी फॉरमॅट केला तरी ईएफआय पार्टिशन जागेवरच राहतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घरच्या वापरात आणि दुकानाच्या काउंटरवरच्या मशीनमध्ये फरक आहे तो इथे. संरक्षणाची तांत्रिक उपाययोजना मोडण्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए हे कलम वेगळं आहे.

आपल्या मशीनवर काय आहे

स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा. ‘एसएलएमजीआर’, एक जागा, तिरपी रेघ, ‘डीएलव्ही’ असं इंग्रजी अक्षरांत (slmgr /dlv) टाइप करून एंटर. थोड्या वेळाने खिडकी उघडेल. तिच्यात ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत चॅनेल लिहिलेला असतो. ‘ओईएम डीएम’ म्हणजे ब्रँडेड मशीनच्या फर्मवेअरमधली की. ‘रिटेल’ म्हणजे विकत घेतलेली की किंवा डिजिटल लायसन्स. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ दिसलं, तुम्ही कुठल्याही मोठ्या संस्थेचे नाही आणि मशीन तुमच्या स्वतःच्या पैशांचं आहे, तर ते ॲक्टिव्हेटरचं काम. सोबत मिनिटांत मुदत दिसेल, जास्तीत जास्त २,५९,२००. ते १८० दिवसच. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपवर केएमएस दिसणं साहजिक आहे, तिथे घाबरू नका. त्याच आज्ञेत ‘डीएलव्ही’ऐवजी ‘एक्सपीआर’ लिहिलं तर फक्त मुदत कळते, आणि तिथे २०३८ साल आलं तर वेगळं सांगायला नको. उलट, ‘रिटेल’ दिसलं म्हणजे परवाना खराच असं मात्र नाही. खोट्या तिकिटावर मिळालेला शिक्काही तसाच दिसतो. बिलात विंडोजची ओळ आहे का, हाच तिथे पुरावा.

दुसरी जागा : विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि अगदी खाली एक्सक्लूजन्स, म्हणजे डिफेंडरची ती सूट यादी. घरगुती मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. तुम्ही न टाकलेला एकही फोल्डर तिथे असेल, किंवा अख्खा सी ड्राइव्हच असेल, तर मामला गंभीर. टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडरच्या सेटिंग्ज परक्याने बदलू नयेत म्हणून असलेलं कुलूप) बंद आहे का तेही तिथेच पाहा. मग टास्क शेड्यूलर उघडून अनोळखी नावाचं, सिस्टीमच्या नावाने चालणारं काम शोधा. विंडोज अपडेट महिनोनमहिने ‘पॉज्ड’ किंवा सर्व्हिसच बंद, हीही खूण.

साफ कसं करायचं

टूल अनइन्स्टॉल करून भागत नाही. ॲडमिन अधिकाराने एकदा जे चाललं त्याने काय काय बदललं याची यादी कोणाकडेच नसते. नव्याने विंडोज टाकणं हाच खात्रीचा मार्ग, आणि तो वाटतो तेवढा खर्चिक नाही. तेही फर्मवेअरमधल्या त्या कीमुळे.

असंख्य ब्रँडेड लॅपटॉप कारखान्यातून विंडोज होमच्या खऱ्या परवान्यासह निघतात. दोन वर्षांनी तो मंद होतो, दुरुस्तीवाला ‘प्रो टाकून देतो’ म्हणतो आणि केएमएस बसवतो. पैसे भरलेला परवाना फर्मवेअरमध्ये झोपलेला, आणि वर चोरीचा प्रो. होम आणि प्रोमधला फरक मुख्यतः बिटलॉकरचं (डिस्क एनक्रिप्शनचं) नियंत्रण, रिमोट डेस्कटॉपने मशीन दुसरीकडून उघडणं, हायपर-व्ही (मशीनच्या आत आभासी मशीन चालवणं), ऑफिसच्या डोमेनला जोडणं एवढाच. टॅली, ब्राउझर, अभ्यास आणि प्रिंटिंग करणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही.

दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. त्यावरचं सगळं पुसलं जातं. जुन्या मशीनमधून दस्तऐवज, फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर एवढंच बाहेर काढा. इन्स्टॉलर, ईएक्सई, झिप केलेली सॉफ्टवेअर यांना हात लावू नका, नाहीतर घाण परत येते. डिव्हाइस एनक्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधी लिहून ठेवा. लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून घेऊन ठेवा. नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालतं.

पेनड्राइव्हवरून बूट करा. ‘विंडोज कुठे टाकायचं’ या पडद्यावर त्या डिस्कची झाडून सगळी पार्टिशन काढून टाका, ती १०० एमबीची ईएफआयसुद्धा, आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर इन्स्टॉल करा. त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्हही यात जातो, त्यामुळे बॅकअपची खात्री करूनच पुढे जा. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तेवढ्यापुरती तिची केबल काढलेली बरी. फर्मवेअरमध्ये की असेल तर इन्स्टॉलर की विचारत नाही, आवृत्ती विचारत नाही, मुकाट्याने होम टाकतो आणि इंटरनेट मिळालं की ॲक्टिव्हेट होतो.

पासवर्ड बदलणं याच्या आधी, फोनवरून. सर्वांत आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांतून साइन आउट’ करायला विसरू नका, कारण नुसता पासवर्ड बदलल्याने चोरलेली कुकी प्रत्येक सेवेत मरतेच असं नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

असेंबल्ड पीसीत फर्मवेअरची की नसते. तिथे मार्ग तीन. पहिला, परवाना विकत घेणं. रिटेल परवाना पुढच्या मशीनवर नेता येतो. ओईएम परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो, बोर्ड गेला की तोही गेला. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवलं तर बोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधून रिटेल परवाना परत मिळवणं सोपं जातं. दुसरा मार्ग लिनक्स मिंट किंवा उबुंटू. ब्राउझर, लिबरऑफिस, इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग सगळं होतं, पण टॅली आणि ऑटोकॅडवाल्यांनी तिकडे जाऊ नये. तिसरा, विंडोज तसंच ॲक्टिव्हेट न करता वापरणं. परवान्याच्या अटींत ते बसत नाही. पण कोपऱ्यात पाणचिन्ह आणि वॉलपेपर-रंग बदलण्यावर बंदी एवढंच होतं, सुरक्षा अपडेट येत राहतात, आणि मशीनमध्ये परकं कोणी शिरत नाही. ॲक्टिव्हेटर टाकलेल्या मशीनपेक्षा ते मशीन सुरक्षित असतं.

तीनशे-पाचशे रुपयांच्या ऑनलाइन की चौथा मार्ग नव्हे. त्या पुष्कळदा कुठल्यातरी कंपनीच्या एमएके असतात. आज चालतात, मोजणी संपली किंवा की काळ्या यादीत गेली की बंद. सी००४सी००३ ने संपणारा एरर म्हणजे की ब्लॉक झाली, सी००४सी०२० म्हणजे एमएकेची मोजणी संपली. सी००४एफ०७४ आला तर मशीन केएमएस होस्ट शोधतंय आणि तो सापडत नाही, म्हणजे पूर्वी कोणीतरी तिथे केएमएसची की टाकली होती किंवा नकली होस्ट बसवला होता, असं घरच्या मशीनपुरतं समजायला हरकत नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी दुकानातच ‘डीएलव्ही’ची खिडकी उघडून पाहा. ‘केएमएस क्लायंट’ दिसलं तर होम नव्याने टाकून, समोर इंटरनेटला जोडून दाखवायला सांगा. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. आणि लॅपटॉपच्या पोटाला विंडोज ७ चं स्टिकर आहे म्हणून किंमत वाढवून सांगितली तर मान्य करू नका. त्या कीने विंडोज १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच बंद केली आहे.